लाल बकाल्याच्या समोर

रिग्गईत लाल बकाला कुठे आहे हे टॅक्सीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. निदान आमच्या बाजूच्या चार-पाच गल्ल्यांत तरी नाही. तो रंगाने लाल नाही आणि आता बकालाही नाही. आज त्या गाळ्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याआधी लाँड्री होती. लाँड्रीच्याही आधी कधीतरी एका मल्याळी माणसाचा बकाला, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, तिथे होता आणि त्याचं शटर, वरची पत्र्याची छपरी, सगळं लालभडक होतं म्हणे. मी १९९९ साली लग्न होऊन कुवेतला आले तेव्हा त्या दारातून इस्त्रीची वाफ बाहेर येत होती. म्हणजे लाल बकाला मी पाहिलेला नाही. यांनीही नाही, हे माझ्या थोडेच आधी आलेले. तरी आमच्या घराचा पत्ता पहिल्या दिवसापासून 'लाल बकाल्याच्या समोरची बिल्डिंग, दुसरा मजला' असाच आहे.

मी मूळची नायगावची. दादर टीटी हाकेच्या अंतरावर. टीटी म्हणजे ट्रॅम टर्मिनस, आणि मुंबईतली शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ च्या रात्री धावली. माझा जन्म त्यानंतरचा. पण अजूनही टॅक्सीत बसून 'टीटी' म्हटलं की टॅक्सीवाला मीटर टाकतो, कुठली ट्रॅम असं विचारत बसत नाही. तेव्हा नसलेल्या वस्तूच्या खुणेवर चालणं मला नवं नव्हतं. पण नायगावात ट्रॅममधून फिरलेली माणसं घरातच होती. आजोबा एक आण्यात कुठून कुठे जायचे ते रंगवून सांगायचे, आजी त्यांना मध्येच दुरुस्त करायची. रिग्गईत तसं सांगणारं कोणी नाही. लाल बकाल्यातून दूध-पाव नेलेली माणसं केव्हाच केरळला, आंध्रात, इजिप्तला परत गेली. नाव पाडणारा गेला, नाव राहिलं, आणि ते चालवणारे आम्ही सगळे मागाहून आलेले. इथे इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की मुक्काम संपला. घर भाड्याचं, नोकरी कराराची, आणि वारशाने काही मिळालंच तर ते आधीच्या भाडेकरूने भिंतीत ठोकलेले खिळे आणि ही असली नावं.

रिग्गई कुवेत शहराच्या बाहेर, फर्वानियाच्या कारभारात मोडते. चौथ्या रिंगरोडला लागून. एका अंगाला अल-राई, दुसऱ्या अंगाला अंदलुस, आणि रिंगरोडच्या पलीकडे शुवैखची गॅरेजं आणि स्पेअर पार्टची दुकानं, जिथे आमचे हे स्टोअर सांभाळतात. चौथा रिंगरोड म्हणजे कशापासून चौथा, हा प्रश्न मला इथे येऊन बऱ्याच वर्षांनी पडला. उत्तर मजेशीर आहे. जुन्या कुवेत शहराला १९२० साली मातीची तटबंदी बांधली होती, ती १९५७ साली पाडून टाकली. तट पडला, वेशी तेवढ्या ठेवल्या, आणि पहिला रिंगरोड साधारण त्या तटाच्या रेघेवरून गेला. मग दुसरा, तिसरा, चौथा असे एकाबाहेर एक रस्ते होत गेले. शेरेटनच्या राउंडअबाउटमध्ये मधोमध उभी दिसते ती जहरा वेस. तिला दोन्ही बाजूंना भिंतच नाही, त्यामुळे पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तो शोभेचा दरवाजाच वाटला होता. पण अख्खं शहर आजही नसलेल्या त्या भिंतीपासून अंतर मोजतं. आम्ही चौथ्याला, जलीबवाले सहाव्याला. त्या हिशेबात आमचा लाल बकाला म्हणजे फार काही जगावेगळा प्रकार नव्हे.

कागदोपत्री कुवेतात पत्ता शोधणं सोपं असायला हवं. वस्ती, तिचे ब्लॉक, ब्लॉकमध्ये रस्ते, रस्त्याला फुटलेल्या जादा म्हणजे उपरस्ते, मग बिल्डिंग. वर प्रत्येक इमारतीच्या दाराशी निळी पाटी, तिच्यावर सिव्हिल आयडीवाल्या खात्याने दिलेला आठ आकडी नंबर. तो नंबर कुवेत फाइंडरमध्ये टाकला की थेट दारात. अलीकडे तर सरकारने बऱ्याच रस्त्यांची नावं काढून नुसते आकडे दिले. तलबात ही खाणं घरपोच देणारी कंपनी २००४ साली कुवेतातच निघाली; तिच्या फॉर्मात वस्ती, ब्लॉक, रस्ता, बिल्डिंग, मजला असे खण निमूट भरावे लागतात आणि जेवण बरोबर येतं. माझं याबद्दल काही म्हणणं नाही. पण फोनवर माणूस माणसाला पत्ता सांगतो तेव्हा आठ आकडे कोणी सांगत नाही. उन्हात उभं राहून पाटीवरचे आकडे वाचायचे म्हणजे डोळ्यांसमोर काजवे.

उन्हाचं इथे फार आहे. जून ते सप्टेंबर पारा पन्नाशीला टेकतो आणि पायी जाणारा माणूस रस्त्याने जात नाही, सावलीने जातो. माझी इथली पहिली ओळख सावल्यांशी झाली. घरातून निघून जमियापर्यंत, म्हणजे सहकारी भांडारापर्यंत जायचं तर आधी आमच्याच इमारतीची सावली, मग लाल बकाल्याची छपरी, मग रस्ता ओलांडून बोराचं झाड, पुढे खब्बाजची भिंत. बोराचं झाड म्हणजे इथलं सिद्र. बारीक पानांचं, खाली सदा चार गाड्या दडलेल्या. खब्बाज म्हणजे इराणी रोटीवाला. भिंतीतल्या खिडकीतून तंदूरची धग अंगावर यायची, आणि तरी माणसं तिथे उभी राहायची कारण बाहेरची धग त्याहून वाईट. दुपारी चारला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, ताटाएवढ्या, तीळ लावलेल्या रोट्या घेऊन घरी आलं की पोळ्या लाटायच्या राहून जात. घरी पोहोचेपर्यंत एक रोटी कडेकडेने कुरतडून संपलेली असे.

खब्बाज गेला. ती जुनी बैठी इमारत पाडून तिथे आठ मजल्यांची उभी राहिली. बोराचं झाडही त्याच बांधकामात गेलं. पण नवी इमारत पार्किंगसाठी मागे सरकवलेली, त्यामुळे तिची सावली दुपारी रस्त्यावर पडतच नाही. आज मी जमियाला जाताना त्या टप्प्यावर पावलं आपोआप भराभर पडतात. तरी आमच्यात 'खब्बाजपासून डावीकडे' चालूच आहे. पूर्वी ऑर्डर पोचवायला येणारा बांगलादेशी पोरगा तर ते 'खबाज सिग्नल' म्हणायचा. तिथे सिग्नल कधीच नव्हता. तो कुठून आला देव जाणे, पण त्याचं म्हणणं मला कळायचं आणि माझं त्याला.

मशिदीची खूण सांगून उपयोग नसतो, हे नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळतं. मशीद जवळजवळ प्रत्येक ब्लॉकला आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पाण्याच्या टाक्यांचंही तेच. छत्रीसारख्या त्या टाक्या सुने लिंडस्ट्रोम नावाच्या स्वीडिश माणसाने कल्पिल्या, सत्तरच्या दशकात शहरभर उभ्या राहिल्या, आणि लांबून सगळ्या एकसारख्या दिसतात. उभ्या असलेल्या गोष्टींत भरवशाची खूण दोनच: एक जमिया, कारण ती वस्तीची स्वतःची असते, आणि दुसरं कोर्ट. रिग्गईचं कोर्ट सगळ्या टॅक्सीवाल्यांना ठाऊक. 'रिग्गई' म्हटलं की पुढचा प्रश्न 'महकमा?' असाच येतो. नाही म्हणायचं, सीदा म्हणायचं, आणि मग लाल बकाल्यावर यायचं.

आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे चाचा-चाची राहायचे. चाचा सत्तरच्या दशकात आलेले, मुंबईहून बोटीने. त्यांचं कुवेत आमच्या कुवेतच्या खाली पुरलेलं होतं. गाडीतून शहरात चाललो की ते बोट दाखवून काहीतरी भलतंच सांगायचे. अल-हमरा टॉवर २०११ साली पुरा झाला, ४१२ मीटर उंच, देशातली सगळ्यात उंच इमारत. चाचा तिला शेवटपर्यंत 'हमरा टॉकीज' म्हणत, कारण त्या जागी पूर्वी हमरा सिनेमा होता. सवाबर म्हटलं की आम्हाला दसमनच्या बाजूला जाताना दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या सरकारी घरांच्या रांगा आठवतात, ज्या २०१९ साली पाडल्या. चाचा म्हणायचे, मी ती घरं बांधताना पाहिली. त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. पाडलेलं आणि बांधलेलं दोन्ही एकाच सुरात सांगायचे.

एक गोष्ट मात्र ते सुरात सांगत नसत. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या तेव्हा चाचा इथेच होते, चाची मुलांना घेऊन गावी गेल्या होत्या. थोड्याच दिवसांत कुवेती लोकांनी रस्त्यांच्या पाट्या आणि घरांवरचे नंबर काढून टाकायला सुरुवात केली. इराक्यांच्या हातात याद्या होत्या: अमुक माणूस, अमुक ब्लॉक, अमुक घर. पाटीच नाही म्हटल्यावर घर शोधायचं कसं? काही पाट्या उलट्या फिरवल्या, काहींवर रंग फासला. चाचा सांगायचे, "सकाळी उठून बघतो तर आमची गल्ली खयची ता आमकाच कळना." पण कळत होतं, तिथे राहणाऱ्याला कळत होतंच. डॉक्टर हवा असेल तर तो कुठे, पीठ कोणाकडे शिल्लक आहे, हे सगळं खुणांवर सांगितलं जाई. झाडाशेजारी, मोडक्या गाडीच्या मागे, शिंप्याच्या वर. पत्ता म्हणजे इथल्या माणसाला ठाऊक असलेली आणि बाहेरच्याला ठाऊक नसलेली गोष्ट, असा काही महिने त्याचा अर्थ होऊन बसला. त्यातच चाचाही बसमधून बगदादमार्गे अम्मानला गेले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या सुमारास दोन महिन्यांत एअर इंडियाने अम्मानहून लाखाच्या वर माणसं आणली, त्यातले ते एक.

ते १९९२ ला परत आले. नोकरी तीच, खोली तीच मिळाली नाही. पाट्या अजून सगळीकडे लागलेल्या नव्हत्या म्हणे. त्यांनी आपली जुनी गल्ली कशी ओळखली, तर शिंप्याच्या दुकानावरून. दुकान लुटलेलं, शिंपी पाकिस्तानला गेलेला, पण काचेवर कात्रीचं चित्र शिल्लक होतं. मी आले तेव्हा तिथे शिंपीही नव्हता आणि काचही नव्हती. चाची मात्र तिथल्या वळणाला 'कात्रीवाला' म्हणत आणि मीही म्हणू लागले.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगते, कारण त्यामुळे या नावांशी माझा रोजचा संबंध आला. दिवाळीचा फराळ मी आधी इथल्या मराठी मंडळातल्या दोन-चार जणींना करून द्यायचे. चकल्या, करंज्या, अनारसे. मग वाढत गेलं. गणपतीत उकडीचे मोदक, संक्रांतीला गूळपोळ्या, आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नाही. डबे पोचवायला ओळखीचा एक गाडीवाला, आंध्रातला. त्याचं हिंदी आणि माझं हिंदी, दोन्हीत दम नव्हता. त्यामुळे आमची बोली खुणांचीच. एकदा सालमियाच्या बाईंना करंज्या, रिग्गईतल्या एका घरी अनारसे आणि शुवैखला यांच्या साहेबांकडे चिवडा असे तीन डबे होते. तो रिग्गईतच अडकला. फोनवर म्हणतो, "मॅडम, मैं खब्बाज के पास खडा हूँ, बिल्डिंग नहीं दिखता."

"खब्बाज से कात्रीवाला. कात्रीवाला से यमीन." यमीन म्हणजे उजवीकडे.

"यमीन में तो कचरा डब्बा है."

"उसके पीछे. वो जहाँ क्रिकेट खेलते थे ना बच्चे, साहा में, उधर."

"हां हां, वो क्रिकेट," म्हणाला आणि फोन ठेवला. दहा मिनिटांत अनारसे पोचले.

त्या संभाषणातली एकही वस्तू जागेवर नव्हती, कचऱ्याचा डबा सोडला तर. खब्बाज नाही, कात्री नाही, आणि ज्या वाळूच्या मोकळ्या जागेला आम्ही साहा म्हणायचो, जिथे शुक्रवारी सकाळी भारत-पाकिस्तान-श्रीलंका अशा मॅची उकाडा चढायच्या आत उरकल्या जायच्या, तिथे केव्हाच इमारत झालेली. तो गाडीवाला त्यानंतर आलेला, २००९ नंतर. त्याने ते क्रिकेट पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्याला कोणी सांगितलं? आधीच्या गाडीवाल्याने. आणि त्याला? बहुधा आमच्या हारिसने.

हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. आमचा वरच्या इजिप्तकडचा, सईदी. तळमजल्यावर त्याची खोली, दाराशी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीखाली चहाचा ग्लास, आणि डोक्यावरच्या एसीतून टपटपणाऱ्या पाण्याखाली ठेवलेली बादली. त्या पाण्याने तो गाड्या धुवायचा. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुठला गाळा कधी बदलला, सगळी नोंद त्याच्या डोक्यात. खोली बघायला आलेल्या माणसाला तो आधी परिसर शिकवायचा. हा लाल बकाला, तो खब्बाज, ते साहा. समोर तो माणूस मोबाईलचं दुकान, आठ मजली इमारत आणि दुसरी इमारत बघत मान डोलवायचा. मला सुरुवातीला हसू यायचं. मग लक्षात आलं, तो नव्या भाडेकरूला जागा दाखवत नव्हता, बोली शिकवत होता. ती आली की बाकीचे हारिस, टॅक्सीवाले, पाण्याचे बाटले आणणारे तुम्हाला ओळखीचे मानतात.

एव्हेन्यूज मॉल २००७ साली शेजारच्या अल-राईत उघडला आणि रिग्गईचं थोडं नशीब फळफळलं. भाडी वाढली. तोपर्यंत मुंबईहून पाहुणे आले की आम्ही कुठे राहतो हे सांगायला चार वाक्यं लागत, ती एकात आली: एव्हेन्यूजच्या जवळ. यांचे शुवैखचे साहेब तर 'आमचा स्टोअरवाला एव्हेन्यूजला राहतो' असं सांगू लागले, जसं काही आम्ही आयकियाच्या पलंगावरच झोपतो. गंमत अशी, की एवढा मोठा मॉल जवळ येऊनही गल्लीच्या आतल्या पत्त्यात त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मोठी खूण लांबच्या माणसाला लागते. दार शोधायला लागते ती इस्त्रीच्या आधीच्या दुकानाची.

कोविडनंतर मात्र बदल जाणवला. २०२० च्या कडक लॉकडाऊनमध्ये आणि त्यापुढच्या वर्षात इमारतीतली निम्मी घरं रिकामी झाली असतील. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींनी मुलांना घेऊन कायमचं गाव गाठलं. चाचा-चाची त्याआधीच रत्नागिरीला गेले होते. हारिसही गेला. त्याच्या जागी आलेला तरुण पोरगा खुर्चीवर बसून दिवसभर मोबाईल बघतो, आणि कोणी पत्ता विचारला की सरळ म्हणतो, लोकेशन पाठवा. चूक काय त्यात? लोकेशन बरोबरच येतं. एकदा मीच त्याला विचारलं, लाल बकाला माहीत आहे का. म्हणाला, हो, मोबाईलवाला. आणि लगेच स्क्रीनकडे वळला. त्याला नाव कोणी सांगितलं हे मी विचारलं नाही.

आता यांची नोकरी संपत आली आहे. मार्चमध्ये आम्ही नायगावला परत. घर आहे, टीटी आहे. चित्रा टॉकीज २०१९ मध्ये बंद पडलं, पण भाऊ म्हणतो 'चित्राजवळ ये' असंच सगळे म्हणतात. फराळाचा धंदा मी खालच्या मजल्यावरच्या नाशिकच्या मुलीला देतेय. तिचा नवरा बँकेत, ती इंजिनीअर असून व्हिसामुळे घरी बसलेली, हात चांगला आहे. परवा माझी वही घेऊन बसली. वहीत गिऱ्हाइकाचं आडनाव, काय लागतं, किती किलो, आणि पत्ता. पत्त्याच्या रकान्यात तिला 'कात्रीवाल्याच्या वर तिसरा', 'साहाच्या मागे, हिरवा गेट', 'खब्बाजपासून दुसरी, लिफ्ट बंद असते' असं दिसलं आणि तिने कपाळाला हात लावला.

"काकू, हे एक्सेलमध्ये कसं टाकू?"

"टाक की तसंच."

"पण खब्बाज कुठाय?"

मी खिडकीतून दाखवला. म्हणजे आठ मजली इमारत दाखवली. तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला मेसेज करून निळ्या पाटीचा नंबर मागवला, तो एका रकान्यात भरला, आणि शेजारी माझा पत्ता 'जुनी खूण' असं शीर्षक देऊन जसाच्या तसा उतरवला. हिरवा गेट आता करडा आहे हे तिने स्वतः जाऊन पाहून आल्यावर सांगितलं. मी म्हटलं, करडा लिहू नकोस, तिथला ड्रायव्हर हिरवाच शोधतो. ती म्हणाली, दोन्ही लिहिते. मग लिफ्टबद्दल विचारलं. लिफ्ट अजून बंद असते का? असते, मी म्हटलं, ते मात्र जुनं नाही. तेव्हा तिथे डबे नेताना पोराला चार फेऱ्यांचे पैसे जास्त दे, आणि चकलीची भाजणी इथल्या गिरणीतून दळू नकोस, आईला पाठवायला सांग.